चकवा लागतो, पडतो की धरतो?

नागपूरच्या एका कॉलेजातली विद्यार्थिनी कुमार वाचकांसाठी कादंबरी लिहिते आहे. थोडी अद्भुत, थोडी रहस्यकथा. गाव काल्पनिक, पण उमरेडच्या बाजूचं. तेरा-चौदा वर्षांची नायिका पोळ्याच्या रात्री वावरातून घरी येताना वाट चुकते, रात्रभर त्याच त्या बाभळीपाशी परत येत राहते, आणि सकाळी आजी तिला म्हणते, "तुले चकवा लागला होता." पुण्याच्या एका मैत्रिणीने हस्तलिखित वाचून सुचवलं की इथे "तुला चकव्याने धरलं होतं" असं कर, नाहीतर हे भूत आहे हे वाचकाला कळणार नाही. तर बरोबर काय? लागला, पडला की धरलं? जोडीला आणखी एक प्रश्न: पुढे उलगडणारी शक्ती स्त्रीरूप आहे, तर "चकवीण" म्हटलेलं चालेल का?

आधी सरळ उत्तर देतो. आजीच्या तोंडी "लागला"च ठेवा. मैत्रिणीची सूचना व्याकरणाला धरून आहे, पण तिने तुमच्या कादंबरीचं रहस्य पहिल्याच प्रकरणात फुटेल.

"लागणे" हे क्रियापद मराठीत काय काय करतं ते बघा. भूक लागते, तहान लागते, झोप लागते, ठेच लागते, ऊन लागतं, दृष्ट लागते, वेड लागतं, ग्रहण लागतं, भूत लागतं. ठेच आणि भूत एकाच रांगेत बसतात, आणि बोलणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. या सगळ्या वाक्यांत माणूस "-ला" लावून येतो, आमच्याकडे "-ले" लावून: मले भूक लागली, तिले दृष्ट लागली. माणूस काही करत नाही, त्याला काहीतरी होतं. आणि जे होतं ते कोणी मुद्दाम केलं का, याबद्दल वाक्य चकार शब्द काढत नाही. भूक लागली म्हणताना आपण भुकेला हेतू चिकटवत नाही. "चकवा लागला" हे वाक्यही असंच उभं आहे. ऐकणाऱ्याने वाटलं तर पिशाच्च समजावं, वाटलं तर दिशाभूल. आजी स्वतः काय समजते हेही त्यातून कळत नाही, आणि रहस्यकथा लिहिणाऱ्याला याहून सोयीचं वाक्य आयतं मिळणार नाही.

"धरलं" म्हटलं की हे संपतं. नुसत्या "-ने"मुळे ते होत नाही. "वाऱ्याने कौलं उडाली" यातल्या वाऱ्यालाही हेतू नसतो. पण धरणे, नेणे, हाक मारणे, दडून बसणे ही क्रियापदं जोडलीत की करणारा कोणीतरी लागतो, त्याला इच्छा लागते, बहुधा हातही लागतात. "चकव्यानं धरलं" असं बोललंच जात नाही असं नाही. पण ते म्हणणाऱ्याने मनाशी पक्कं ठरवलेलं असतं. तुमच्या आजीने अजून ठरवलेलं नाही, निदान नातीला सांगायचं ठरवलेलं नाही, असं मी धरून चालतो.

"पडला"चा रोख वेगळा आहे. विसर पडतो, भूल पडते, मोह पडतो, कोडं पडतं. सगळा कारभार डोक्यातला. "चकवा पडला" म्हटलं की दोष वाटेकडून माणसाच्या मनाकडे सरकतो. गावातला एखादा मास्तर किंवा पोलीस पाटील, ज्याला भूतखेत मानायचं नाही पण आजीला दुखवायचंही नाही, त्याच्या तोंडी हे शोभेल. आणि वर्तमानपत्रातला "चोरट्याने पोलिसांना चकवा दिला" हा तिसराच मामला. तिथे चकवणारा हाडामांसाचा असतो आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येत नाही.

शब्दाची घडण पाहिली तर ही संदिग्धता कुठून आली तेही दिसतं. चकवणे या क्रियापदावरून चकवा, जसं भुलवणेवरून भुलावा. म्हणजे हे मुळात कृतीचं नाव. मुंज्याचं तसं नाही. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा, असा त्याचा पत्ता, वय, इतिहास सगळं ठरलेलं आहे. हडळीचे उलटे पाय ठरलेले आहेत. खवीस तर अरबी-फारसीतून मराठीत आला आणि इथल्या वडा-पिंपळांवर स्थायिक झाला. चकव्याला मात्र चेहरा नाही, पूर्वायुष्य नाही, अपुरी इच्छा नाही. तो फक्त वाट चुकवतो. मला वाटतं, आधी चुकवण्याला नाव मिळालं आणि त्या नावात भूत नंतर राहायला आलं. म्हणूनच ते असं अर्धवट, रूपाशिवायचं राहिलं.

आता तुमच्या कथेतल्या तिथीबद्दल, कारण ती फार चांगली पडली आहे आणि तुम्ही ती हेरली आहे की नाही हे प्रश्नावरून समजत नाही. पोळा म्हणजे श्रावण अमावास्या. चंद्र नाही, वर पावसाळी आभाळ, म्हणजे चांदण्याही नाहीत. जर्मनीतल्या ट्यूबिंगेन इथल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगून त्यांच्या वाटा जीपीएसने नोंदल्या होत्या. सूर्य दिसत होता तेव्हा माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ढगाळ दिवशी जंगलात ती गोल फिरली, स्वतःचीच वाट ओलांडून गेली आणि त्यांना ते कळलंही नाही. वाळवंटात रात्री चालणारा माणूस चंद्र दिसेपर्यंत सरळ गेला आणि चंद्र ढगाआड गेल्यावर वळत वळत आल्या दिशेला फिरला. डोळे बांधलेली माणसं तर कधीकधी वीस मीटरपेक्षाही लहान वर्तुळात फिरली. एक पाय लांब, एक आखूड म्हणून असं होतं, हा जुना तर्क त्यात टिकला नाही. "समोर" कुठे आहे याच्या जाणिवेत बारीक बारीक चुका साठत जातात, असा त्यांचा निष्कर्ष होता. चकवा लागला तर एका जागी बसून राहावं आणि उजाडू द्यावं, हा म्हाताऱ्यांचा उपाय या निष्कर्षाशी चांगलाच जुळतो. नायिकेने तो पाळला नाही, बाभळीपासून पुन्हा पुन्हा निघत राहिली; हे आजीला खटकू द्या. कथेतल्या मास्तराला "पडला" म्हणायला इथे आधारही मिळतो.

"धरलं" मग कुठे वापरायचं? ते राखून ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, तुम्हाला आयती जागा आहे: मारबत, म्हणजे पीडा-रोगराई गावाबाहेर नेणारा बाईच्या रूपातला पुतळा. नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, पिवळीची परंपरा १८८५ पासूनची सांगतात, इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी दोघींची भेट होते, सोबत बडगे, म्हणजे लोकांच्या रागाचे पुरुषी पुतळे, असतात. गावांकडे हेच छोट्या प्रमाणात चालतं: पोळ्याला दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या पहाटे शिवेबाहेर नेऊन टाकायच्या आणि ओरडायचं, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" त्यातलं "गे" बघा. रोगराई एरवी "येते", खोकला "होतो", कोणी करत नाही. पण हाकलायची वेळ आली की लोक तिला देह देतात, बाई करतात, नाव देतात आणि थेट तिच्याशी बोलतात. काळीला कोणी पूतना म्हणतं, कोणी इंग्रजांना सामील झाल्याचा ठपका ठेवून नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातल्या बाकाबाईशी जोडतं; बिनचेहऱ्याच्या पीडेला चेहरा लागतो तो असा. तुमच्या गोष्टीत आदल्या रात्री जे नुसतं "लागलं" होतं, त्याला पाडव्याच्या गर्दीत पहिल्यांदा कोणीतरी "तिनं धरलं" म्हणावं. कर्ता बदलल्यावर चाणाक्ष पोरं लगेच कान टवकारतील. शिवाय तान्हा पोळाही त्याच दिवशी, तेव्हा लाकडी बैल घेऊन गावभर फिरणारी पोरं साक्षीदार म्हणून तुमच्या हाताशी आहेतच.

म्हणून "चकवीण" नको. चकवा पुल्लिंगी आहे तो शब्द म्हणून, त्याला मिश्या आहेत म्हणून नव्हे. वाळवी स्त्रीलिंगी आणि ढेकूण पुल्लिंगी, त्यावरून आपण त्यांचे संसार लावत नाही. "चकवी" तर मुळीच नको. हिंदीत चकवा-चकवी म्हणजे चक्रवाकाची जोडी, रात्री ताटातूट होणारी, आणि नागपूरच्या वाचकाच्या कानात हिंदी कायम वाजत असते. त्याला तलावावरची बदकं आठवतील. तुमच्या शक्तीचं नाव वेगळंच असू द्या आणि चकवा हे फक्त तिच्या करणीचं नाव राहू द्या.

बोलीबद्दल थोडं. निवेदन प्रमाण मराठीत आणि आजी नागपुरीत, ही वाटणी चांगली आहे. फक्त आजीच्या वाक्यात तुम्ही "बे" घातलंय ते काढा. ते पोरांचं पोरांशी बोलणं, आजी नातीला "वं" म्हणेल. "पाणंद" आणि "बांध" हे शब्दही पश्चिमेकडून आलेत, इकडे पांदण आणि धुरा. "काहून गेली वं त्या पांदणीनं? तुले चकवा लागला असन," एवढं पुरे. सामान्यरूप चकव्या-: चकव्याला, चकव्यानं. हस्तलिखितात दोन ठिकाणी "चकवाने" झालंय, तेवढं दुरुस्त करून घ्या.