शाळेला देणगीतून व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणारे) मिळणार आहेत. आठवी ते दहावीच्या वर्गात त्यांचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण मोजक्याच धड्यांना. आणि बऱ्याचदा हेडसेटपेक्षा एआर, म्हणजे कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या जागेत आभासी वस्तू मांडणारं तंत्र, चालणारा एक चांगला फोन जास्त शिकवून जातो. मी मुंबईत मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात साठेक मुलं आणि तास पस्तीस मिनिटांचा, त्या हिशेबाने लिहिते आहे.

चंद्रकलांचंच घ्या. पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्राची कोर दिसते, असं नववीतल्याही कित्येक मुलांना वाटतं. पुस्तकातल्या आकृतीत पृथ्वी आणि चंद्र एकमेकांना खेटून असतात, कारण पानावर जागाच तेवढी. जिओजेब्रा या गणिताच्या ॲपच्या थ्रीडी कॅल्क्युलेटरमध्ये हे गोळे प्रमाणात करून एआरमधून व्हरांड्यात मांडता येतात. पृथ्वी १० सेंटिमीटरची धरली तर चंद्र पावणेतीन सेंटिमीटरचा होतो आणि जातो थेट ३ मीटर लांब! मुलं आधी मानायलाच तयार नसतात, टेप आणून मोजतात. मोजू द्या. मग चंद्राच्या कक्षेचा साधारण ५ अंशांचा कल दाखवा. या मापात चंद्र पाव मीटर वर किंवा खाली जाऊ शकतो, आणि तिथवर पोचलेली पृथ्वीची सावली जेमतेम ७ सेंटिमीटर रुंद असते. दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, हे मग मुलंच सांगतात. कोर दिसते तेव्हा चंद्र सूर्याच्या बाजूला असतो, तिथे सावली पोचणारच नाही, हेही कुणीतरी बोलून जातं. तो क्षण मला फार मोलाचा वाटतो.

याला एक फोन आणि प्रोजेक्टर पुरतो आणि सगळा वर्ग एकच गोष्ट बघत एकमेकांशी वाद घालू शकतो. फोनवर एआरकोर (अँड्रॉइडवर एआर चालवणारी गुगलची प्रणाली) चालतं का ते आधी तपासा. गुळगुळीत, एकरंगी फरशीवर कॅमेऱ्याला जमीन सापडत नाही, तेव्हा वर्तमानपत्र अंथरा. दहावीच्या महत्त्वमापनातला शंकूछेदही (टोक कापलेला शंकू) असाच बाकावर उभा करता येतो.

हेडसेट तिथे वापरा, जिथे मुलाला आत शिरायला हवं: हृदयाचे कप्पे, पेशी, ज्वालामुखीचं मुख. पण हेडसेट घातलं की मुलाला ना बाई दिसत, ना शेजारचा. म्हणून आधी एक प्रश्न द्यायचा, जसं की हृदयाच्या डाव्या निलयाची (खालच्या कप्प्याची) भिंत उजव्यापेक्षा जाड का असेल? पाच मिनिटं बघायचं, काढायचं आणि लगेच वहीत आकृती काढायची. बाकीची मुलं तोवर त्याच प्रश्नावर गटात काम करतात. इंग्रजी निवेदन बंद करून मी स्वतः मराठीत बोलते. मुलं कुठे अडली ते त्यामुळे मला कळतं.

विक्रेते हटकून रोलर कोस्टर दाखवतात. ते वर्गात नको. डोळे सांगतात आपण धावतोय आणि कान आतून सांगतो आपण बसलोय, त्यातून मळमळ होते. दृश्य स्थिर असलेलं निवडा आणि मुलांना खुर्चीवर बसवा. खोबरेल तेलाने पट्टे आणि फोम खराब होतात, तेव्हा पुसायला माणूस आणि वेळ आधीच ठरवा. मेटा कंपनीच्या क्वेस्ट हेडसेटला १३ वर्षांखाली पालकांच्या देखरेखीचं खातं लागतं आणि १० वर्षांखाली परवानगीच नाही. आठवीत १३ पूर्ण न झालेली मुलं असू शकतात, म्हणून पालकांशी आधी बोला.

जे प्रत्यक्ष दाखवता येतं, ते मात्र हेडसेटमध्ये दाखवू नका. शिवडीला ओहोटीच्या वेळी चिखलात चरणारे फ्लेमिंगो, घारापुरीची लेणी, वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र हे सगळं आपल्या मुंबईतल्या मुलांच्या हाताशी आहे आणि तरी कितीतरी मुलांनी ते पाहिलेलं नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

देणगीदारांना दोन-चार हेडसेट, एआर चालणारा एक फोन, प्रोजेक्टर आणि उरलेल्या पैशांत सहलीची बस असं सुचवून बघा. आभासी सहली घडवणारं गुगलचं एक्सपिडिशन्स ॲप २०१५ साली शाळांसाठी आलं आणि २०२१ मध्ये बंदही झालं. तेव्हा एकाच ॲपवर चालणारा संच मिळत असेल, तर ते ॲप बंद पडल्यावर हेडसेटवर दुसरं काही टाकता येईल का, हे लेखी विचारून घ्या.