दुपारचं जेवण : किनारा सोडा, बाजार धरा

प्रश्न : नोकरीसाठी सांगलीहून पणजीला आले आहे. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत एका जेवणातच पाकीट रिकामं होतं. रोज दुपारी जेवायचं कुठे?

उत्तर : ताई, बाजाराकडे वळा. पणजी मार्केटच्या आसपासच्या गल्ल्या, म्हापशाचा बाजार, बसस्थानकाचा परिसर. जिथे बसचालक आणि दुकानदार जेवतात तिथे निर्धास्त बसा. थाळीत भात, हुमण (माशांची आमटी), भाजी, सोलकढी, सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची खोबऱ्यात कालवलेली किसमूर आणि रव्यात घोळून तळलेला बांगडा. उकडा भात मिळत असेल तर तोच मागा. माझी सगळी परीक्षा किसमुरीवर असते. ओल्या खोबऱ्यातही सुंगटं दाताखाली कुरकुरली, म्हणजे ती आत्ताच कालवलेली आहे. मऊ पडलेली असली, तर त्या खानावळीत मी पुन्हा जात नाही.

थाळीचा दर ठरलेला असतो, पण इसवणाच्या (सुरमईच्या) तुकडीचे पैसे बहुधा वेगळे पडतात. ते आधीच विचारा. साडेबारापर्यंत पोचा, उशिरा गेलात तर मासळी संपते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा सुकी मासळी किंवा तिसऱ्या (शिंपल्या) खा. सोमवारी शिवराक (शाकाहारी) जेवणात खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांची खोबरं घातलेली भाजी, मिळालं, तर अजिबात सोडू नका.