आजोबांच्या शिवराया टपालाने

प्रश्न : आजोबांच्या डब्यात बारा शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) आणि १९४७ चं 'जय हिंद' तिकीट सापडलं. साताऱ्याहून नागपूरला भावाकडे पाठवायचंय. कसं पाठवू?

उत्तर : ताई, आधी एक सांगा, नाणी घासून चकचकीत केली नाहीत ना? नसतील तर उत्तम, तशीच राहू द्या. प्रत्येक शिवराई कागदाच्या वेगळ्या पुडीत बांधा. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पिशवीत तांबं हिरवं पडतं. पुड्या पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने पक्क्या करा. डबा कानाशी धरून हलवा. खुळखुळ आली की परत उघडा! तिकीट ग्लासीनच्या (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाच्या) पाकिटात, दोन पुठ्ठ्यांमध्ये, वर प्लास्टिकची पिशवी. मी एकदा ऐन जुलैत तिकिटं साध्या पाकिटातून धाडली होती. पोचली तेव्हा सगळ्यांचा मिळून एकच लगदा झाला होता.

बाहेर 'जुनी नाणी' असं लिहू नका. फोटो काढून ठेवा, पोस्टात विमा उतरवूनच पाठवा, पावती जपा.

आणि भाऊ पुढे ती अमेरिकेतल्या मुलाला पाठवणार असेल, तर थांबवा. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात, खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तिकीट मात्र अजून ऐंशीच्या आतबाहेरच आहे.