वाचकांचे प्रश्न : निकाल लागेपर्यंत थांबावे का?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाचा चौदा महिन्यांपूर्वी खून झाला. आरोपी गावातलेच आहेत आणि खटला सत्र न्यायालयात चालू आहे. तारीख जवळ आली की आईला दोन दिवस घास उतरत नाही. भावाचा शर्ट पोलिसांकडे मुद्देमाल म्हणून जमा आहे. तो कधी मिळेल, एवढेच ती विचारत राहते. भावाच्या आठ वर्षांच्या मुलाला आम्ही ‘बाबा अपघातात गेले’ असे सांगितले आहे. निकाल लागला की आई सावरेल, असे नातेवाईक म्हणतात. तोवर थांबावे का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : थांबू नये. निकालाने न्यायाचा प्रश्न सुटेल, पण त्याने आईची झोप परत येईलच असे नाही. तारखांभोवती बांधलेले दिवस संपल्यावरच दुःख खऱ्या अर्थाने अंगावर येते, असेही पुष्कळदा घडते. शिवाय सत्र न्यायालयानंतर उच्च न्यायालय असतेच.

आजारपणाने माणूस गेला तर भेटायला येणारे त्याच्या आठवणी काढतात. खून झाला तर ‘भांडण कशावरून होते?’ असे विचारतात, आणि गेलेल्यालाच जणू पिंजऱ्यात उभे करतात. त्यात, जे आईने पाहिलेले नाही ते तिचे मन रोज रात्री नव्याने रचत असते. या दुःखात भीती मिसळलेली असल्यामुळे नुसते ‘मन मोकळे कर’ म्हणून भागत नाही. आधी झोप आणि भीती आटोक्यात आणावी लागते, मग गेलेल्या मुलाविषयी बोलणे जमते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात, सहा महिन्यांहून अधिक काळ टिकून रोजचे जगणे अडवणाऱ्या शोकाला उपचारयोग्य विकार मानले आहे. आईला तो आहे की नाही, हे पत्रावरून ठरवणे योग्य नव्हे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात तिला दाखवावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

शर्टाचा प्रश्न क्षुल्लक समजू नका. रक्ताचे डाग असलेले कपडे अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावेत, असा आदेश निकालपत्रात अनेकदा असतो. म्हणून तो हवा असल्यास निकालापूर्वीच सरकारी वकिलांशी बोलून अर्ज करावा. मात्र तो कोणत्या अवस्थेत असेल हे आईला आधी स्पष्ट सांगावे आणि मग तिला ठरवू द्यावे. शवविच्छेदनाची साक्ष कोणत्या तारखेला आहे, हेही सरकारी वकिलांनाच विचारून ठेवा, म्हणजे त्या दिवशी आईला बाहेर बसता येईल.

मुलाला खरे सांगा, आणि ते त्याच्या आईने सांगावे. आरोपी गावातलेच असताना ही गोष्ट त्याला शाळेत कुणीतरी सांगणारच. ‘बाबांना माणसांनी मारले, त्यात तुझी काही चूक नाही,’ एवढे पुरे. तपशील तो विचारील तेव्हा, विचारील तेवढेच द्यावेत.

नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, कारण मृताचे कायदेशीर वारसही कायद्याने ‘पीडित’ ठरतात. ‘रक्ताचे पैसे’ म्हणून काही कुटुंबे ते नाकारतात. मला हे पटत नाही, मुलाचे शिक्षण त्यातून होऊ शकते.

‘मलाही त्याच्याकडे जायचे आहे,’ असे आई बोलली, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि रात्री एकटी ठेवू नका.