मैत्रिणीने शपथ घातलीय, सांगू की नको?

नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या हॉस्टेलवर राहणारी मुलं माझ्याकडे समुपदेशनाला येतात ना, तेव्हा बऱ्याचदा स्वतःसाठी आलेलीच नसतात. "मॅडम, माझ्या रूम पार्टनरचं काहीतरी बिनसलंय, पण तिनं शपथ घातलीय कुणाला सांगायचं नाही, मी काय करू?" नीटच्या निकालाच्या आसपास तर हे इतक्यांदा ऐकते की आज लिहायलाच बसले.

सायलीचं सांगते (नावं आणि खाणाखुणा बदलल्यात). तिची रूम पार्टनर पूजा, दिंडोरीकडची, घरी द्राक्षबाग, नीटचा दुसरा अटेम्प्ट. मेसचा डबा तसाच परत जायला लागला, वर्षभर जपलेल्या नोट्स तिनं ज्युनिअर मुलींना वाटून टाकल्या आणि एकदा म्हणाली, "माझ्यावर पैसे घालवण्यापेक्षा पप्पांनी ते बागेत घातले असते तर बरं झालं असतं." सायली रात्री उठून उठून बघायची, पूजा जागेवर आहे ना.

मी विचारलं, "तू तिला सरळ विचारलंस का, मरायचा विचार येतो का म्हणून?"

ती दचकलीच. "असं कसं विचारणार मॅडम? माझ्यामुळेच तिच्या डोक्यात ते बसलं तर?"

ही भीती आईवडिलांना असते, शिक्षकांनाही असते, पण यावर भरपूर अभ्यास झालाय आणि विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. मग मी सायलीकडून तिथेच बोलून घेतलं. पहिल्यांदा ती म्हणाली, "तू काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?" आता या प्रश्नाला समोरची "नाही गं" एवढंच म्हणणार, कारण आपल्याला 'नाही'च ऐकायचंय हे तिला लगेच कळतं. दोन-तीनदा अडखळल्यावर निघालं, "पूजा, तुला मरून जावंसं वाटतं का गं?"

त्याच संध्याकाळी तिनं विचारलं. पूजा रडली आणि "हो" म्हणाली. सायलीचा मला फोन, "शपथ मोडू?" म्हटलं, मोड, पण तिच्या पाठीमागे नको, तिच्यासमोरच सांग की हे मला एकटीला झेपणार नाही, आपण मोठ्यांना बोलावू. चिडेल, आठ दिवस बोलणार नाही, चालेल. त्या रात्री तिला मिनिटभरही एकटं सोडलं नाही, रेक्टर मॅडमनी जवळ नको त्या वस्तू काढून घेतल्या, सकाळी वडील आले आणि सायकियाट्रिस्टकडे ट्रीटमेंट सुरू झाली.

पुढचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. थॉमस जॉइनर नावाचे मानसशास्त्रज्ञ सांगतात की 'मी इतरांवर ओझं आहे' आणि 'माझं कुणी नाही' हे दोन विचार एकत्र आले की धोका वाढतो. मी हे खूप मानते. चार मुलींनी ठरवलं होतं की रात्री एकत्र जेवायचं, जी येणार नाही तिच्या रूमवर जाऊन बघायचं आणि त्यातून पूजाला वगळलेलं, तिला त्रास नको म्हणून. मी हट्टच धरला की तिचीही पाळी लावा. पंधरा-वीस दिवसांनी पूजा सेशनला आली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, काल प्रीती जेवायला आली नव्हती, मी वर गेले तर तापाने फणफणलेली, मीच तिला डॉक्टरकडे नेलं." मी वहीत काही लिहिलंच नाही, नुसती ऐकत राहिले. कारण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पूजाच्या बोलण्यात पूजा कुणाच्या तरी उपयोगी पडली होती. माझ्या दहा लेक्चरांनी हे झालं नसतं.

२०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली. आत काय चाललंय हे बऱ्याचदा आधी मित्रालाच दिसतं, म्हणून मुलांनो, "लोकांची दुःखं बघ" असले उपदेश करू नका, सरळ विचारा, ऐका आणि मोठ्या माणसाला सांगा. काही सुचलं नाही तर १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस, सरकारी आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात. मित्र म्हणूनही लावता येतो. जिवाला लगेच धोका वाटला तर ११२.

आणि आईबाबा, "मैत्रिणीचं बरं नाहीये, मी आज तिच्यापाशी जागते" असा तुमच्या मुलीचा रात्री फोन आला तर "तुझ्या अभ्यासाचं बघ" म्हणू नका. रेक्टरला उठवा, त्या मुलीच्या घरी तुम्ही स्वतः फोन करा.