भावा, आंग्रियाचा हट्ट सध्या सोड

पंचगंगेत पोहायला शिकलास, म्हणजे पाण्याची भीती गेली, निम्मं काम झालं. पण चार-पाच दिवस बोटीवरच मुक्काम करून स्कूबा डायव्हिंग करायचं, तर पहिल्या फटक्यात आंग्रिया बँक, म्हणजे भर समुद्रातला तो पाण्याखालचा प्रवाळाचा उंचवटा, नको. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, आणि तिथल्या प्रवाळाचा माथाच साधारण 20 मीटर खोल. नव्या ओपन वॉटर डायव्हरची, म्हणजे पहिला कोर्स केलेल्याची, मर्यादा 18 मीटर. हिशेब तूच कर.

मालवणात हात धरून पाण्याखाली फिरवून आणतात, ते शिकणं नव्हे. आधी रीतसर कोर्स, मग पहिली सफर उथळ, कमी प्रवाहाच्या रीफची (प्रवाळाच्या खडकांची).

नवखे इथं चुकतात:

- श्वास रोखणं. नदीत बुडी मारायची आपली सवय इथं जिवावर बेतते. वर येताना फुफ्फुसातली हवा फुगते, म्हणून श्वास सतत चालू ठेवायचा.
- कान. दुखायच्या आधीच मोकळे करत खाली जा. सर्दी असेल तर उतरूच नको. मी एकदा उतरलो आणि उरलेले तीन दिवस डेकवर बसून मासे ऐकले, बघितले नाहीत!
- बोट लागणं. डॉक्टरांना विचारून गोळी बोट सुटण्याआधीच घे. तांबडा रस्सा परत आल्यावर.

शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमान नाही, हे सगळे सांगतात. उंचीवर हवेचा दाब कमी, आणि अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून. घाट मात्र विसरतात. कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंच आहे, त्यामुळे ती रात्र खाली किनाऱ्यावरच काढ.

कॅमेरा घरी ठेव. नायट्रॉक्सचं (जास्त ऑक्सिजनवाल्या हवेचं) नंतर बघू.