ख्रिस्ती लोक चर्चचे ऋतू पाळतात म्हणजे नक्की काय करतात? आणि 'कारभारीपण' म्हणजे दशांश देणंच ना?

तुम्ही विचारलंय की आगमनकाळ (नाताळाआधीचे चार आठवडे), उपासकाळ (ईस्टरआधीचा), पेन्टेकॉस्ट (ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी, पवित्र आत्मा उतरल्याचा सण) असे चर्चचे ऋतू पाळणारा माणूस घरी, बाजारात, पगाराच्या दिवशी काय वेगळं करतो. आणि कारभारीपण म्हणजे दहा टक्के देऊन मोकळं होण्यापलीकडे काही असतं का. शिवाय ख्रिस्ती नसताना हंगामाच्या सणाला, म्हणजे पीक घरात आल्यावर चर्चमध्ये होतो त्या सणाला, आलं तर चालतं का, हेही. मी मूळचा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, आता पिंपरीत नोकरीला. सहा वर्षं मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, खजिनदार होतो, तेव्हा उत्तर थोडं हिशेबाच्या वहीतून येणार.

आधी शब्द. आमच्या गावाकडे बायको नवऱ्याला 'कारभारी' म्हणते. मराठी बायबलमध्येही हाच शब्द आहे, धन्याची मालमत्ता सांभाळणाऱ्यासाठी. माल दुसऱ्याचा, हिशेब आपला. दशांश हा त्यातला सोपा भाग. जिऱ्या-पुदिन्याचासुद्धा दशांश मोजून देणाऱ्या आणि न्याय, दया विसरणाऱ्या लोकांना येशूनं चांगलंच सुनावलंय (मत्तय 23:23).

ऋतूंचं म्हणाल तर आजोबांच्या काळी आमच्याकडे त्यांचं फारसं कौतुक नव्हतं. नगरला 1831 साली आलेलं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळीनं आपला कारभार आपणच पाहायच्या वळणाचं. त्यांच्या प्यूरिटन, म्हणजे कर्मठ प्रोटेस्टंट पूर्वजांना नाताळसुद्धा खपत नसे. 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात ऋतू पाळणाऱ्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) मंडळ्याही आल्या, आणि ऋतूप्रमाणे बदलणारं जांभळं, पांढरं, लाल, हिरवं कापड हळूहळू आमच्या पुलपिटावरही (प्रवचनाच्या व्यासपीठावर) चढलं. हंगामाचा सण मात्र त्याआधीपासूनचा.

तो असा. बाजरी घरात आली की एक रविवार ठरतो. पुलपिटापुढे बाजरीची कणसं, भोपळे, गवार, शेवग्याच्या शेंगा, अंडी, आणि पाय बांधलेला एक कोंबडा, जो नेमका प्रार्थनेच्या वेळी आरवतो. उपासना संपली की आवारात लिलाव. एक लिंबू पाचशेला जातं, घेणारा ते पुन्हा लिलावाला देतो, मग ते तीनशेला जातं. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल, पण गळकं छप्पर आणि पाळकसाहेबांच्या (आमच्या धर्मगुरूंच्या) पगारातली तूट यातूनच निघते. माझं गाऱ्हाणं वेगळं आहे. मोठ्या बोलीला टाळ्या पडतात, आणि जिनं घरच्या कोंबडीची सहा अंडी आणली तिच्या वेळी 'चला, पन्नास रुपये, घ्या कुणीतरी' म्हणून उरकतात. मी काही निराळा नाही. एकदा साडूच्या देखत एका भोपळ्यावर अकराशेपर्यंत चढलो. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "कारभारी, याची भाजी आठ दिवस तुम्हीच खायची."

आजी बहात्तरच्या दुष्काळातला सण सांगायची. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं, रानात काही पिकलं नव्हतं, तरी मंडळीनं रविवार ठरवला. आजीनं रेशनवर मिळालेल्या तांबड्या मिलोतलं (परदेशी ज्वारीतलं) एक मापटं नेऊन ठेवलं. पीक अमेरिकेचं, रेशन सरकारचं आणि अर्पण आजीचं. त्या वर्षी लिलाव झाला नाही. जमलं होतं ते पाळकांनी जास्त खाणारी तोंडं असलेल्या घरांत वाटून टाकलं. मला विचाराल तर तेवढा एकच सण बिनचूक झाला असावा.

उपासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि ईस्टरपर्यंत चालतो, रविवार वगळून 40 दिवस. रविवार मोजणीत नसले तरी आमच्या घरी मटण सगळा काळ बंद असतं. कुणी चहा सोडतं, हल्ली कुणी मोबाईल. मटण सोडून पनीर आणलं तर खर्च तेवढाच, मग त्याला पथ्य म्हणा, उपास कशाला म्हणायचं? आमच्याकडे बोर्नव्हिटाचा एक रिकामा डबा आहे. मटण न आणलेल्या रविवारी किलोचे आठशे त्यात पडतात. सहा रविवारांचे 4,800. गेल्या वर्षी ते गावाकडच्या एका मुलीच्या नर्सिंगच्या फीत गेले. डबा फ्रीजवर ठेवतो, म्हणजे पोरंच आठवण करून देतात.

पण माणसाची परीक्षा उपासकाळात होत नाही, तेव्हा सगळेच सावध असतात. पेन्टेकॉस्टनंतर पुलपिटावर हिरवं कापड चढतं, साधारण जूनच्या आसपास, आणि नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत राहतं. आपल्याकडचा थेट खरीपच. मधला हंगामाचा सण सोडला तर सहा महिने विशेष काही नाही. अशाच एका जुलैत रविवारच्या अर्पणाचे चार हजार माझ्या कपाटात होते. मुलीची फी भरायची शेवटची तारीख होती. मी त्यातून भरली, पगार झाल्यावर परत ठेवले. नोटा तेवढ्याच, फक्त दुसऱ्या. बायबलमधल्या लूकच्या सोळाव्या अध्यायातल्या कारभाऱ्याला धन्यानं बोलावून हिशेब मागितला. मला कुणी विचारलंच नाही, आणि तेच जास्त टोचत राहिलं. ऑगस्टच्या मंडळीच्या बैठकीत सांगून टाकलं. बराच वेळ कुणी बोलेना. मग मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "तुमच्या आधीच्यांनीही केलं असेल, ते बोलले नाहीत." तेव्हापासून अर्पणाची पिशवी दोघं मोजतात, दोघं सही करतात आणि सोमवारी बँकेत भरलेली स्लिप फळ्यावर लागते. माझ्या सहा वर्षांतलं धड काम ते एवढंच.

याच हिरव्या काळात माझे वडील शेताच्या बांधालगतच्या दोन ओळी कापायचे नाहीत. शेताच्या कडेपर्यंत कापू नको, सरवा (कापणीत मागे पडलेली कणसं) वेचू नको, तो गरिबाला आणि परक्याला राहू दे, असं बायबलात लेवीय 19 मध्ये आहे, ते त्यांनी शब्दशः घेतलं होतं. बायका येऊन कणसं खुडून न्यायच्या, वडील तिकडे पाठ करून उभे राहायचे. आता शेत भावाकडे आहे, आणि हार्वेस्टरला दोन ओळी सोडायला सांगितलं तर ड्रायव्हर हसतो. माझा सरवा भाजीवालीशी घासाघीस न करण्यापुरता उरलाय. फार थोडा आहे, कळतं मला.

अलीकडे 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा सृष्टीसाठीचा काळ बऱ्याच चर्चमध्ये पाळतात. कल्पना उत्तम आहे. आमच्याकडे एक रोप लावून फोटो काढतात, पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरं रोप.

आगमनकाळावर फार लिहीत नाही. चार रविवार, चार मेणबत्त्या, आणि घरभर करंज्यांचा वास. दिवाळीचं ताट शेजारून आलेलं असतं, नाताळचं आमच्याकडून जातं. तेवढा एक हिशेब वर्षानुवर्षं चोख आहे.

आणि हंगामाच्या सणाला खुशाल या, धर्म कुणी विचारत नाही. पिशवी सोबत आणा. दीडच्या सुमारास लिलाव संपत आला की गवार निम्म्या भावात जाते. अंडी निघाली तर मात्र बोली जरा वर चढवा.